रंग खाणाऱ्या भुकटीचा डबा

१

डबा गेला हे कळल्यापासून चोर ठरेपर्यंत आमच्या गावानं चहा निवायलासुद्धा वेळ घेतला नाही.

मी नदीवर भांडी घासत होते. काठावरून होडीवाला आपाकुकी ओरडत आला, "वहिनी, चला लवकर! डॉक्टरीणबाईंची भुकटी चोरीला गेली. विमलेशनं नेली."

"नेताना बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? शेड राखायला तोच, किल्ली त्याच्याकडेच असते की!"

माझी उभी हयात पोलिसात गेली. सार्जंट म्हणून निवृत्त झाले, नवरा वारला, म्हणून त्याच्या गावी वाईनिकायला येऊन राहिले. आता निवांत बसावं म्हटलं, तर असलं काही कानावर पडलं की माझे पाय मला बसू देत नाहीत. भांडी तशीच टाकली आणि निघाले.

नदीच्या वरच्या अंगाला कापड छापायची गिरणी आहे. तिचं पाणी कधी जांभळं येतं, कधी हिरवं. त्यापायी नदीतले शिंपले मेले, आणि शिंपले विकून जगणाऱ्या आमच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या. म्हणून राजधानी सुव्याच्या विद्यापीठातल्या डॉक्टर सालानिएतांनी काठावर पत्र्याची शेड घातली, टाकी बांधली आणि बिस्किटाच्या डब्यात भरून ती काळी भुकटी आणली. ती भुकटी गिरणीच्या पाण्यात ढवळायची आणि टाकी उन्हात उघडी ठेवायची. भुकटी रंगाचा पार फडशा पाडते. मग बाहेरून मोठा चुंबक लावला की सगळी भुकटी एका बाजूला गोळा होते, आणि पुन्हा वापरता येते.

सालानिएताबाई शेडच्या दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "अख्खा डबा गेला, सार्जंट. मी आठवडाभर सुव्याला होते. कुलूप जसंच्या तसं आहे."

"आणखी काय गेलं?"

"माझी छत्री," त्या म्हणाल्या. "आणि चहाची किटली."

"भुकटी चोरणारा किटली कशाला नेईल?"

"चहा प्यायला," आपाकुकी म्हणाला.

मी त्याच्याकडे डोळे वटारले. शेडला आडव्या काचपट्ट्यांची खिडकी होती. त्यातल्या दोन पट्ट्यांची खरबरीत बाजू बाहेर होती, बाकी सगळ्यांची आत. म्हणजे कुणीतरी त्या काढल्या होत्या आणि नीट परत बसवल्या होत्या. चोर काच फोडतो, पण परत बसवणारा चोर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"विमलेशकडे किल्ली असताना तो खिडकीतून कशाला शिरेल?" मी विचारलं.

"लोकांना असंच वाटावं म्हणून," मागून आवाज आला. गावचे मुखिया, रातू इनोके, काठी टेकत उभे होते. "वहिनी, मी शहरात फोन केलाय. आत्ता भरती आहे, रस्ता पाण्याखाली आहे. ओहोटी लागली की पोलिसांची गाडी येईल आणि त्याला घेऊन जाईल."

विमलेशचे पूर्वज उसाच्या मजुरीला हिंदुस्थानातून आलेले. त्याचं घर आणि ऊस, दोन्ही गावच्या जमिनीवर, भाडेपट्ट्यानं घेतलेल्या. त्याचा पट्टा संपत आला होता, आणि नवा द्यायचा की नाही हे गावानं याच महिन्यात ठरवायचं होतं. पोलिसांच्या गाडीत बसलेल्या माणसाला पट्टा कोण देतो?

मी नदीकडे बघितलं. पाणी अजून चढत होतं.

२

विमलेश अंगणात कोयत्याला धार लावत होता. धार कधीच लागली होती, तरी हात थांबत नव्हता. त्याची बायको सुभाषनी दारात पदर चावत उभी होती.

"मावशी, तुम्ही पण मला धरायला आलात?"

"गप्प बस आणि सांग. शेड शेवटची कधी उघडलीस?"

"बाई गेल्या त्या दिवशी. मी नसताना उघडायची नाही असं सांगून गेल्या होत्या, मग मी फिरकलोच नाही तिकडे. ऊसतोड चालू होती. आणि मला एक सांगा, ती भुकटी घेऊन मी करू काय? डोळ्यात काजळ घालू?"

"गिरणीला विकशील. येताना आपाकुकी सांगत होता, त्यानं तुला गिरणीच्या फाटकात बघितलंय."

त्याचा कोयता थांबला. सुभाषनी एकदम पुढं आली, "सांगा ना खरं! आता काय लाजायचं?"

"टेरेन्ससाहेबांनी बोलावलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "भुकटीत काय काय घालता म्हणून विचारलं, गिरणीत नोकरी देतो म्हणाले. मी म्हटलं, बाईंना विचारा. आणि चहा न पिता परत आलो."

"हे गावाला का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही, मावशी. सगळ्यांनी मला येऊन नुसतं सांगितलं."

मला त्याचं खरं वाटत होतं. पण माझ्या वाटण्याला पोलीस ठाण्यात कोण विचारतो? मी उठले तशी सुभाषनीनं माझा हात धरला.

"मावशी, माझ्या सासऱ्यांनी या घराचा खांबन् खांब स्वतः रोवलाय. आम्ही कुठं जायचं?"

मी तडक गिरणीची वाट धरली.

३

गिरणीचा मॅनेजर टेरेन्स माणूस तेलकट, पण मूर्ख नाही. मी विचारायच्या आधीच हसायला लागला.

"सार्जंट, मी ती भुकटी चोरून करू काय? तिची सगळी कृती डॉक्टरीणबाईंनी छापून जगासमोर ठेवलीय. ज्याला हवी त्यानं करावी."

"मग विमलेशला कशाला बोलावलंस?"

"कृती वाचली, कळली नाही!" तो म्हणाला. "लोखंडाच्या बारीक कणाला काचेचं अस्तर, त्यावर टिटॅनियमचं साल. कुणाच्या बापाला कळतंय? म्हटलं, करणाऱ्याला विचारावं. पोरगा अक्षरही बोलला नाही. वर मलाच म्हणाला, साहेब, आधी तुमचं पाणी बघा."

"प्रयोग फसला तर तुझा फायदाच ना?"

"फसला असता तर! भुकटी चोरीला गेली म्हणजे प्रयोग फसला असं होत नाही. त्या नवी आणणार, आणि बोटं माझ्याकडे दाखवणार. इतका खुळा दिसतो का मी?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि त्याचाच मला राग आला. मी तरातरा बाहेर पडले. चुंबकाची एक चकती मी सालानिएताबाईंकडून मागून घेतली होती. सवय आपली, जाईन तिथं फिरवत होते. धक्क्यावर आपाकुकीची होडी बांधलेली होती. गिरणीची रंगाची पिंपं तोच वाहून आणतो. होडीच्या तळाशी चकती फिरवली आणि वर काढली.

चकतीवर काळ्या मिशा उभ्या राहिल्या होत्या.

मी तशीच उभी राहिले. सकाळपासून 'विमलेश, विमलेश' म्हणून ओरडत होता तोच हा! म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा?

"वहिनी," मागून आपाकुकीचा आवाज आला. "माझ्या होडीत काय करताय?"

४

मी त्याच्या बखोटीला धरून त्याला शेडपाशी आणलं. तो वाटभर शिव्या घालत होता. "म्हातारीला वेड लागलंय! निवृत्त झालीय, पण हिच्यातला पोलीस काही निवृत्त होत नाही!"

"बाई," मी सालानिएतांना म्हटलं, "ही बघा तुमची भुकटी."

बाईंनी ती बोटांत चोळली. मग काचेच्या ग्लासात गिरणीचं जांभळं पाणी घेतलं, ही काळी पूड त्यात टाकली आणि ग्लास उन्हात ठेवला. शेजारी दुसरा ग्लास. त्यात शेडमधल्या भुकटी मोजायच्या चमच्याला चिकटलेली उरलीसुरली भुकटी धुऊन घातली.

"आता थांबायचं," त्या म्हणाल्या.

थांबायचं! भरतीचं पाणी उतरायला लागलं होतं, चिखलातल्या वाटेचा काठ दिसायला लागला होता. मी शेडभोवती फेऱ्या मारत होते. आपाकुकी सावलीत पाय पसरून मला चिडवत होता, "वहिनी, जमिनीला खड्डा पडेल."

दुसऱ्या ग्लासातलं पाणी हळूहळू फिकं झालं, गुलाबी झालं आणि शेवटी पाण्यासारखं पाणी झालं. आपाकुकीच्या होडीतली पूड घातलेला ग्लास होता तसाच जांभळा राहिला.

"ही नदीच्या मुखाजवळची काळी रेती आहे," बाई म्हणाल्या. "तिच्यातही लोखंड असतं, म्हणून चुंबकाला चिकटते. पण रंग खात नाही. आपली भुकटी ओळखायची तर दोन्ही बघायला हवं. चुंबकाला चिकटली पाहिजे, आणि उन्हात रंग खाल्ला पाहिजे."

"मुखाशी माझी होडी रोज रेतीत रुतते," आपाकुकी उठत म्हणाला. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

हात दाखवून अवलक्षण झालं ते झालं. मी वैतागून गावाकडे वळले, आणि वाटेत भेटेल त्याला विचारत गेले, कुणी अनोळखी आलं होतं का, चोरी करताना कुणाला बघितलं का; सगळे नाही म्हणाले. तर सभाघरासमोर मुखियाची बायको, आदी लोसालिनी, तावातावानं बोलत होती; मला बघताच माझ्याकडे वळली. तिच्या लेकीचं लग्न या आठवड्यात. लग्नासाठी केलेलं सालीचं भलंमोठं कापड सभाघरात टांगलं होतं. झाडाची साल कुटून केलेलं आमचं कापड ते, मासी. त्यावर काळ्या आणि तपकिरी नक्षीचे पट्टे.

"बघ गं तितिलिया, बघ! ओनेलेवूच्या बायकांनी कसं फसवलं. एवढ्या लांबून होडीनं आल्या, माझ्या घरी जेवल्या, माझ्याच ओसरीवर कापड रंगवलं, आणि तपकिरी रंग कच्चा! चार दिवस उन्हात वाळवलं तर हे असं."

"जुन्या ओळखीच्या ना तुमच्या?"

"ओळखीच्या कसल्या, तौवू आहेत मेल्या! माझी कढई नेली, तुझं टोपलं नेलं, मास्तरांचे बूट नेले. त्यांचं काय मेलं कौतुक, हसून सोडून द्यायचं." आणि खरंच ती हसली.

मीही सवयीनं हसले. तौवू म्हणजे थट्टेचं नातं; आमचा आणि ओनेलेवू बेटाचा मूळ देव एक. म्हणून त्यांनी आम्हाला शिव्या द्यायच्या, आमच्या घरात शिरून हवं ते उचलायचं, आणि आम्ही हसायचं. आम्ही तिकडे गेलो की आम्हीही तेच करतो. कुणाला राग आला तर त्याचीच नाचक्की.

मग माझं हसू तोंडातच थांबलं. मी कापडाजवळ गेले. तपकिरी रंग सगळीकडे उडाला नव्हता. जिथं काळ्याला लागून होता, तिथंच उडाला होता.

मी खिशातून चुंबक काढला.

५

"सगळ्यांना बोलवा," मी म्हटलं. "रातूंना, डॉक्टरीणबाईंना, आपाकुकीला. आणि विमलेशला. सुभाषनीलाही."

सभाघर भरलं. विमलेश दाराशीच उभा राहिला. आत ये म्हणून त्याला कुणी म्हटलं नाही.

"सकाळपासून मी चोर शोधतेय," मी सुरुवात केली. "तुम्हा सगळ्यांना विचारलं, कुणी अनोळखी माणूस आला होता का? तुम्ही म्हणालात, नाही. चोरी करताना कुणाला बघितलं का? नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. माझा प्रश्नच चुकला."

"वहिनी, कोडी घालू नका," रातू म्हणाले. "ओहोटी लागलीय."

"चोराला किटली आणि छत्री लागत नाही, रातू. चोर काच परत बसवत नाही. हे घरच्या माणसाचं काम. हवं ते घेतलं, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. आता सांगा, गेल्या आठवड्यात गावात कुणाकुणाच्या वस्तू गेल्या?"

कुजबुज झाली. कढई. टोपलं. बूट. आपाकुकीचं वल्हं.

"माझं वल्हं पण?" आपाकुकी म्हणाला. "हां, पण ते तर तौवूंनी..."

"त्याचीच गोष्ट चाललीय. घरचं मांजर दूध प्यालं तर पोलिसात कोण जातं? म्हणून कुणी बोललं नाही. सालानिएताबाई सुव्याच्या, त्यांना तुमची ही नाती ठाऊक नाहीत. त्यांनी चोरी म्हटलं, आणि तुम्हालाही चोरीच वाटली."

मी आधी भिंतीवरचं जुनं कापड घेतलं, मागच्या लग्नातलं. त्याच्या काळ्या पट्ट्याजवळ चुंबक नेला. कापड हललं नाही. "हे खरं काजळ. मातीच्या भांड्याखाली बिया जाळून, खरवडून खरवडून जमवलेलं. हाताचे तुकडे पडतात."

मग चुंबक नव्या कापडाजवळ नेला. वारा नव्हता, तरी कापड पोट फुगवून चुंबकाकडे आलं आणि चटकन चिकटलं. आदी लोसालिनीनं तोंडावर हात ठेवला.

"ही झाली एक खूण. होडीतली रेतीही चुंबकाला चिकटली होती, म्हणून दुसरी बघा. काळ्याला लागून असलेला तपकिरी रंग उन्हात उडालाय. बाकीचा पक्का आहे. ओनेलेवूच्या बायकांनी तुम्हाला फसवलं नाही, आदी. त्यांचं काजळ संपलं, शेडमधे मऊसूत काळ्या पुडीचा डबा दिसला. आयतं काजळ! टॅपिओकाच्या खळीत कालवलं आणि रंगवलं. त्यांना काय ठाऊक, हे काजळ शेजारचा रंग खातं म्हणून."

सालानिएताबाईंनी कापडावरून बोट फिरवलं आणि हसू की रडू अशा चेहऱ्यानं मान हलवली.

"नुसता अंदाज," रातू म्हणाले, पण आवाज नरमला होता.

"फोन लावा ओनेलेवूला."

फोन लागला. रातूंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. पलीकडून एक म्हातारी खणखणीत ओरडली, "कोण, इनोके? अजून मेला नाहीस?"

"डबा कुणी नेला गं, थेरडे?"

"कुठला? बिस्किटाचा? आम्हीच! फार सुरेख काळं होतं रे, अर्धं उरलंय. आणखी आहे का? छत्री पण माझ्याकडेच आहे. डॉक्टरीणबाईला सांग, हिंमत असेल तर येऊन घेऊन जा!"

सभाघर खदखदून हसलं. रातू हसले, आपाकुकी मांडीवर थापा मारायला लागला. मीही सुटले बाई एकदाची, म्हणून हसले.

एकटा विमलेश हसत नव्हता. आणि त्याच्या मागे, दारात, कॉन्स्टेबल रुपेनी बेड्या हातात घेऊन उभा होता.

६

"मला एक माणूस न्यायचा आहे," रुपेनी म्हणाला.

"कुणाला न्यायचं नाही," रातू म्हणाले. "चूक झाली. या, वाटीभर यांगोना प्या. विमलेश, तूही बस रे. झालं गेलं, हसण्यावारी ने."

"हसण्यावारी?" विमलेशचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "रातू, त्या बायका एवढा समुद्र ओलांडून येतात, तुमची कढई उचलतात, तुम्ही हसता. माझा आजा या गावात मेला, बाप या गावात जन्मला. तुमच्या होड्या मी दुरुस्त करतो, तुमची पोरं माझ्या घरी रोटी खातात. आणि डबा गेला तर पहिलं नाव माझं. त्यांनी नेलं ती गंमत, आणि मी न नेता चोरी?"

सुभाषनी रडत होती, आणि तिचे डोळे पुसायलाही कुणी पुढं गेलं नाही. मला इतकी लाज वाटली की कुठं बघावं कळेना. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो सगळे. आणि इथं तर चोरही नव्हता.

रातू उठले. "थांब," ते म्हणाले. "मी आत जाऊन देवमाशाचा दात आणतो. माफी अशीच नुसती मागत नाहीत. रीत आहे."

"रीत मला ठाऊक आहे," विमलेश म्हणाला.

तो वळला आणि सभाघरातून उतरून चालायला लागला. आम्हाला वाटलं, घरी निघाला. सुभाषनी "अहो" म्हणत मागे धावली. पण तो घराकडे गेला नाही. सरळ मुखियाच्या अंगणात शिरला, जिथं परवानगीशिवाय कुणी जात नाही, आणि गेलं तरी टोपी काढून. कुंपणापाशी कोंबड्या चरत होत्या. त्यानं वाकून काळ्या कोंबड्याच्या तंगड्या धरल्या, त्याला उलटा लटकवला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. पळाला नाही. नुसता उभा राहिला.

सगळं गाव गोठलं. कॉन्स्टेबल रुपेनीनं बेड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, आता हे काय समजायचं?" तो पुटपुटला.

ते सांगणं माझं काम नव्हतं. सगळे रातूंकडे बघत होते. कोंबडा फडफडत होता.

तेवढ्यात आदी लोसालिनी कमरेवर हात ठेवून पुढं झाली आणि अख्ख्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे मेल्या तौवू! डोळे फुटले का तुझे? तो नको नेऊस, तो म्हातारा आहे, दिवसभर शिजवलास तरी शिजायचा नाही! पलीकडचा तांबडा घे!"

विमलेशनं काळा कोंबडा सोडून दिला आणि तांबड्याच्या मागे धावला.